गोचिडांची नर्मदायात्रा

आषाढी एकादशीला आमच्या भजनी मंडळात प्रत्येकीनं आपला चातुर्मासाचा नेम सांगायची पद्धत आहे. नेम देवासाठी असतो हे खरं, पण तो सांगायचा सगळ्यांच्या देखत, आणि मग कोणाच्या भुवया किती वर जातात ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहायचं. दत्तमहाराज मला क्षमा करोत, मीही पाहते.

दरवर्षी मी वांगं सोडते. वांग्यानं आता कोणाची भुवई हलत नाही. त्यातून त्या वर्षी माझ्या अगदी आधी प्रमोदिनीबाईंची पाळी होती. प्रमोदिनीबाई मंडळाच्या अध्यक्ष. पेटी त्यांची, झांजा त्यांच्या, सतरंजी त्यांची, म्हणून अध्यक्षपदही त्यांचंच. त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "मी चहा सोडला." साऱ्या खोलीनं "अगंबाई!" केलं. त्यावर "मी वांगं" म्हणायला माझी जीभ वळेना. तोंडून निघून गेलं, "ह्या चातुर्मासात माझ्या हातून एकही जीव जाणार नाही. डाससुद्धा."

भुवया वर गेल्या. अगदी केसांपर्यंत गेल्या. मला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं की देव लगेच वही उघडतो, हे मला त्या वयातही ठाऊक नव्हतं.

जबलपूरचा पावसाळा आणि जीवहत्या नाही! डासाला मी फुंकरीनं विनंती करायला शिकले. मुंग्यांना साखर घालून वाट दाखवली. झुरळ दिसलं की मी डोळे मिटून नामस्मरण करी, तेवढ्यात ते आपलं काम उरकून जाई. हे सगळं जमलं. पण माझा खरा परीक्षक सामूच्या अंगावर बसला होता.

सामू म्हणजे सामवेद. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात, ती म्हणजे चार वेद. त्यांतलाच एक वाट चुकून आमच्या फाटकाशी आला असं माझं मत. गुरुवारी ऐन नैवेद्याच्या वेळी आला आणि आरती सुरू होताच मान वर करून त्यानं जो सूर लावला, त्यावरून चौघांतला गाणारा वेद हाच, याबद्दल मला शंका उरली नाही. "अगं, भुकेनं रडतंय ते," असं हे म्हणाले. असेलही. पण दर गुरुवारी, नेमका आरतीलाच?

मग मी दर गुरुवारी पूजा झाली की त्याच्याही कपाळाला कुंकवाचं गंध आणि अक्षत लावू लागले. तो लबाड डोकं झटकून अक्षता उडवी. अक्षत जमिनीवर पडलेली मला चालत नाही. लाडवांसाठी आणलेला डिंक घरात होता, त्याचं थोडं पाणी मी गंधात कालवू लागले. तेव्हापासून अक्षत जागची हलेना.

श्रावणात एके सकाळी त्याच्या कानामागे मला गाठ लागली. राखाडी, गुळगुळीत, एरंडीच्या बीएवढी. मी तिथेच बसून डोळ्यांना पदर लावला. भिंतीपलीकडे मालनबाई कपडे वाळत घालत होत्या. त्या शाळेत शिकवतात, मूळच्या भंडाऱ्याच्या. त्यांचे यजमान अंबादासजी कारखान्यात आहेत. माझा चेहरा पाहून त्या भिंतीशी आल्या.

"काहून रडून राहिल्या वहिनी?"

मी गाठ दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"गाठीले पाय नसतात वहिनी. हा गोचीड आहे. रक्त पिऊन फुगला. ओढा अन् घाला चपलेखाली."

"पण माझा नेम आहे," मी म्हणाले. "जीव घ्यायचा नाही."

"आमच्या पंचशीलातही पहिलं शील तेच," मालनबाई गंभीरपणे म्हणाल्या. "पण आम्ही बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा आमच्याकडे कुत्रा नव्हता."

दूधवाल्या भैयालालनं घासलेट सुचवलं. समोरच्या इंदिराबाईंनी तंबाखूचं पाणी सुचवलं. ज्याच्या-त्याच्या उपायात गोचिडाचं मरण होतं. शेवटी ह्यांचा नाकातले केस उपटायचा चिमटा घेऊन मी सामूपुढे बसले. "नर्मदे हर" म्हणायचं, हळूच ओढायचं, लिंबाच्या पानावर ठेवायचं, आणि ते पान आवाराच्या भिंतीपलीकडे नेऊन टाकायचं. "जा बाबा, तुझं कल्याण होवो."

कल्याण झालं. लेकी बाळंतपणाला माहेरी याव्यात तसे ते परत आले, आणि माहेरीच लेकुरवाळे झाले.

एका सकाळी हे ओसरीवर पेपर वाचत होते. हे बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. राजधानी नागपूरहून भोपाळला गेल्यापासून ह्यांना पेपरातलं काहीच पटत नाही, तरी रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात. त्या दिवशी भोपाळच्या बातमीवरून एक गोचीड शांतपणे चालत गेला. मथळ्याशी थांबला, वळला, आणि ह्यांच्या अंगठ्यावर चढला.

पुढे जे झालं त्यात सामूचा काही दोष नव्हता, हे मी हळू आवाजात सांगत होते. माझा आवाज असा की घरात नळ चालू असला तर मला कोणी ऐकत नाही. ह्यांचा आवाज मात्र सदर बाजारापर्यंत गेला असेल.

"ते काही नाही! दसऱ्याला टिकाराम येतोय शहरात. तोवर एक जरी गोचीड ह्या घरात दिसला, तर हा तुझा वेद मझौलीला जाईल. शेत राखेल."

टिकाराम म्हणजे मझौलीचे शेतकरी. ह्यांच्या नोकरीच्या काळापासूनचा स्नेह. माणूस चांगला, पण त्यांच्या शेतावर आरती होत नाही. मझौलीच्या माळावर, अंधारात, आपला सामू कुणासाठी गाणार? त्या दिवशी माझ्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं.

आता गोचीड भिंतीपलीकडे टाकून भागणार नव्हतं. त्यांना जिथून परत येता येणार नाही अशा ठिकाणी नेऊन सोडायला हवं होतं, आणि जिवंत सोडायला हवं होतं. विचार करता करता मला परिक्रमा आठवली. परिक्रमा करणारा माणूस नर्मदामाईचं पात्र ओलांडत नाही. माणसं पाळतात, तर इवलेसे जीव नक्की पाळतील. भाद्रपदातल्या एकादशीला मंडळाची बस नर्मदेकाठी तिलवाऱ्याला जायचीच होती. लोणच्याची रिकामी बरणी घेतली, धुतली, त्यात लिंबाचा पाला घातला, आणि आठवडाभर चिमट्यानं एकेक पाहुणा आत सोडला. तोंडाला मलमलचं फडकं बांधलं, श्वास घेता यावा म्हणून. बरणी पूजेच्या पिशवीत, नारळाशेजारी ठेवली.

बसमध्ये भजन रंगात आलं होतं. माझ्या शेजारी प्रमोदिनीबाई. चहा सोडल्याला दोन महिने होत आलेले, त्यात उपास. कपाळाला आठ्या, डोळ्यांखाली काळं. त्यांची नजर माझ्या पिशवीत गेली. अध्यक्षांना दुसऱ्याच्या पिशवीत पाहायचा हक्क असतो, निदान आमच्याकडे असतो.

"अगंबाई, मनुका आणल्यात? आणि बोलल्या नाहीत ते!"

"मनुका नाहीत त्या," मी म्हणाले.

"लपवून ठेवल्या! एकादशीला!"

"नाहीत हो मनुका," मी पुन्हा म्हणाले. पण झांजा टिपेला पोचल्या होत्या. माझं मलाच ऐकू आलं नाही. मी त्यांचा हात धरणार, एवढ्यात फडकं सुटलं, बरणी कलंडली, आणि चांगल्या टपोऱ्या आठ-दहा मनुका प्रमोदिनीबाईंच्या तळहातावर आल्या. त्यांनी मान मागे केली, हात तोंडाकडे नेला.

तळहातावरच्या एका मनुकेनं पाय ताणले.

नंतरचं सगळं मला सलग आठवत नाही. बरणी वर उडाली एवढं आठवतं. पेटी कोणाच्या तरी पायावर पडली. बायका बाकांवर चढल्या. ज्यांना गुडघ्यांमुळे देवळाची पायरी चढवत नव्हती त्याही चढल्या. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. कंडक्टर मागे आला, खाली पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरकला.

"ये किसके हैं?"

खोटं बोलायचं नाही हा माझा बारमाही नेम. मी हात वर केला.

"माताजी, जानवर साथ में ले जाने का टिकट लगता है."

मी पदराची गाठ सोडायला लागले. कंडक्टरनं डोकं खाजवलं. "लेकिन किलनी का रेट तो हमारे पास है नहीं."

मी बसच्या तळाशी गुडघ्यांवर बसून चिमट्यानं एकेक वेचत होते आणि वर पाहून विनवत होते, "पाय देऊ नका हो, कोणी पाय देऊ नका." माझ्याकडे ज्या नजरांनी पाहिलं गेलं, त्या आषाढीच्या भुवयांहून अगदी निराळ्या होत्या. वीस वर्षं ह्याच बायकांत मी एकही शब्द वेडावाकडा न बोलता बसले होते. त्या दिवसापासून माझं नाव 'गोचीडवाल्या वहिनी' पडलं, ते काही वर्षं पुरलं.

प्रमोदिनीबाईंना रस्त्याकडेच्या टपरीवर नेऊन बसवलं. त्या मूर्च्छित होत्या. टपरीवाल्यानं घाबरून चहा पुढे केला. मूर्च्छेतच त्यांनी त्यात आलं घालायला सांगितलं, आणि मूर्च्छेतच दुसरा मागवला. मूर्च्छेत घेतलेला चहा नेमात धरत नाहीत, असं अध्यक्ष म्हणून त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मी मान डोलावली. माझ्याकडून वादाची कोणी अपेक्षाही केली नव्हती.

बरणीत जे राहिले त्यांना घेऊन मी तिलवाऱ्याचा पूल एकटीनं ओलांडला. पलीकडे बाभळीखाली फडकं सोडलं. "माईच्या काठी सुखानं राहा," म्हटलं. हात जोडून वळते तो समोरून बकऱ्यांचा मोठा कळप आला आणि नेमका त्याच बाभळीखाली सावलीला बसला. मी राखणाऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं.

घरी आले तर हे सामूला मांडीशी धरून बसलेले.

"हा बघ, एक राहिलाय. कपाळावर. ओढतोय, निघत नाही."

मी पाहिलं. दोन कानांच्या मध्ये, जिथे मी गंध लावते बरोबर तिथेच, कुंकवाखाली टणक काहीतरी लागत होतं. मी चिमटा लावला. सामूनं असा सूर काढला की मालनबाई ओल्या हातांनी धावत आल्या. बोटानं चाचपून म्हणाल्या, "ह्याले तर खरंच पाय नाहीत वहिनी. ही गाठ वाटते." आणि पहिल्यांदाच त्यांनी पुढे काही थट्टा केली नाही.

तेव्हा मी घाबरले.

ओव्हरसियरची नजर. हे रोज मापू लागले. आधी मसुरीएवढी, मग वाटाण्याएवढी. "वाढतेय," हे म्हणत. "पण रोज नाही वाढत. गुरुवारी वाढते." हा शोध गल्लीत पसरला. इंदिराबाई म्हणाल्या, गुरूची पीडा आहे, पिवळं दान करा. भैयालाल म्हणाला, "दीदी, हमारी भैंस को ऐसी ही हुई थी." पुढे म्हशीचं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, कॅन उचलून निघून गेला.

मला दुसरं काय येतं? मी गुरुवारचं गंध रोज लावू लागले. हळद औषधी, म्हणून जास्त हळद. चंदन थंड, म्हणून जास्त चंदन. तीर्थाचे दोन थेंब, आणि सगळं जागेवर राहावं म्हणून डिंकाचं पाणी जरा सढळ हातानं. तरी गाठ वाढतच गेली, आता तर रोजच. सुपारीएवढी झाली.

सामूला स्वतःला काही वाटत नव्हतं. तो खायचा, गायचा, भुंकायचा. फरक ह्यांच्यात पडला. आपल्या वाट्याची साय बशीत काढून हे ओसरीवर नेऊन ठेवत. विचारलं की म्हणत, "मला पचत नाही हल्ली." पेपर वाचताना एक हात खाली सोडलेला असे, आणि त्या हाताखाली सामूची पाठ. एकदा तर भोपाळची बातमी ह्यांनी त्याला वाचून दाखवली. मझौलीचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "आजारी माणसाला कोण शेतावर पाठवतं?" माणसाला म्हणाले. मी ऐकलं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी आम्ही सायकल-रिक्षात सामूला मध्ये बसवून सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. खिडकीत नथ्थूलाल नावाचे बाबू होते.

"परचे में गाय है, बैल है, भैंस है," ते म्हणाले. "कुत्ता नहीं है."

"नवा परचा नाही का?" ह्यांनी विचारलं.

"भोपाल से आएगा. अभी पुराने से काम चल रहा है."

ह्यांनी परचा हातात घेतला. वर छापलं होतं, मध्यप्रांत व वऱ्हाड. ह्यांचे डोळे भरून आले. "नागपूरचा छापा! बघ, कागद बघ, अजून पिवळा नाही पडला!" मागे एक बैल, दोन म्हशी आणि त्यांचे मालक ताटकळत होते. बाबूंनी शेवटी सामूला बैलात घातलं, नाव विचारलं, मी हळूच सांगितलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही, मग ह्यांनी गरजून सांगितलं, "सामवेद!" बाबूंनी लेखणी खाली ठेवली, परच्याला नमस्कार केला, आणि मग लिहिलं. "दूध कितना देता है?" हा रकाना त्यांनी आमच्यावर दया करून सोडून दिला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी गाठ दाबली, टोचली, उजेडात पाहिली. हे टेबलाची कड धरून उभे होते. मी दत्ताचा जप करत होते, आणि पहिल्यांदाच माझे आकडे चुकत होते.

"कब से है?"

"भाद्रपदापासून," मी म्हणाले.

"पहले सिर्फ़ गुरुवार को बढ़ती थी," ह्यांनी सांगितलं. "अब रोज़ बढ़ती है."

डॉक्टर ह्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी वाकून गाठीचा वास घेतला. पुन्हा घेतला. "बाबूजी, इसमें से चंदन की ख़ुशबू आ रही है."

माझा जप थांबला.

त्यांनी गरम पाण्याचा कापूस गाठीवर धरला. पाणी आधी लाल झालं, मग पिवळं, मग मातकट. थरावर थर सुटू लागले. कुंकवाचा, हळदीचा, चंदनाचा, आणि प्रत्येक थरात एकेक अक्षत, डाळिंबाच्या दाण्यांसारखी बसलेली. शेवटी सगळी सुपारी अख्खीच्या अख्खी डॉक्टरांच्या तळहातावर आली. खाली सामूचं कपाळ लख्ख, नितळ, थोडे केस तेवढे गेलेले. खिडकीतून मान घालून पाहणाऱ्या नथ्थूलाल बाबूंनी हात पुढे केला. "परसाद है क्या?"

"इसको कोई बीमारी नहीं है," डॉक्टर म्हणाले. "इसको पूजा हो गई है."

हे माझ्याकडे वळले. पस्तीस वर्षं संसार केला, पण अशी नजर मी पाहिली नव्हती. मला वाटलं आता ओरडतील. ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ चष्मा पुसला.

तोवर डॉक्टरांनी सामूच्या पायांच्या बोटांत पाहिलं, कानात पाहिलं. "गाँठ तो गई. लेकिन किलनियाँ बहुत हैं. ये पाउडर पानी में घोलकर नहलाइए. सब मर जाएँगी."

सब मर जाएँगी. रिक्षात पुडी माझ्या मांडीवर होती. सामू आता आजारी नव्हता. आजारी नव्हता म्हणजे मझौलीला जाण्याजोगा झाला होता. दसरा परवावर आला होता, आणि गोचीड घरात होते. एक तर सामू जाणार, नाही तर माझा नेम.  

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजा आटोपली. दत्तमहाराजांपुढे डोकं टेकलं. "महाराज, नेम मोडते आहे. मोठेपणासाठी केला होता, तुम्हाला ठाऊकच आहे. पुढच्या वर्षी वांगं सोडीन, बटाटाही सोडीन. पण हा तुमचाच आहे, ह्याला मझौलीला नाही पाठवत." मग पदर खोचला, अंगणात बादली ठेवली, पुडी सोडली. 

"हो बाजूला."

मागे हे उभे. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्याला पंचा.

"तू आषाढीला काय म्हणाली होतीस? माझ्या हातून, असंच ना?"

"हो, पण..."

"मग हा हात माझा आहे." पुडी माझ्या हातातून घेऊन हे बादलीपुढे उकिडवे बसले. "चित्रगुप्तानं विचारलं तर सांग, खात्यामार्फत काम झालं. खात्याच्या कामात पाप कोणा एकाच्या नावावर जात नाही, फाइलीत फिरत राहतं. ये रे, बैला!"

सामू आला. मालनबाई भिंतीवरून पाहत होत्या. "भय्यासाहेब, कानात पाणी नका जाऊ देऊ!" हे ओरडले, "ओव्हरसियरला शिकवू नका!" आणि कानात पाणी गेलं. सामूनं अंग झटकलं, हे नखशिखान्त भिजले, आणि त्या सगळ्या गोंधळात माझ्या हातून एकही जीव गेला नाही. मी देवघरात पाठ फिरवून बसले होते. ऐकू येत होतं, पण न ऐकण्याचा काही नेम नव्हता.

दसरा त्या वर्षी गुरुवारीच आला. टिकाराम सकाळीच आले, हातात दोर घेऊन; ह्यांनी रागाच्या भरात धाडलेलं पत्र त्यांना पोचलं होतं. सोनं दिलं-घेतलं, ओसरीवर टेकले. "भय्यासाहेब, कहाँ है आपका कुत्ता? खेत का झोपड़ा तैयार करके आया हूँ."

"कुत्ता?" ह्यांनी पेपर खाली केला. "हमारे यहाँ कुत्ता कहाँ? ये तो वेद हैं. वेद घर में ही रहते हैं."

टिकाराम हसले, दोर गुंडाळून पिशवीत घातला, आणि सायीची बशी कोणासाठी आहे ते विचारायचं त्यांनी टाळलं.

आरती झाली. सामूनं सूर लावला. मी तबक घेऊन ओसरीवर आले, पण गंधाला हात लावायचा मला धीर होईना. केस गेलेल्या त्या डागाकडे पाहिलं की डॉक्टरांचा तळहात आठवे.

"आण इकडे," हे म्हणाले. "डिंक आहे का यात?"

"नाही."

ह्यांनी स्वतः सामूच्या कपाळाला गंध लावलं, वर एक अक्षत टेकवली. सामूनं डोकं झटकलं. अक्षत उडून भोपाळच्या बातमीवर पडली. हे वाकले, ती उचलली, कपाळाला लावून पुन्हा सामूच्या कपाळावर ठेवली. त्यानं पुन्हा झटकली.

"झटक रे," हे म्हणाले. "मला कुठे जायचंय?"